दोन धोंड्यांमधली वाट

साहित्य माणसाला वाट दाखवतं. हे वाक्य आमच्या शाळेच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याखालच्या चार ओळींबद्दल. त्या चार ओळी म्हणजे आमच्या गावचं सगळं साहित्य, आणि त्या साहित्याने गावात होती ती एक वाट घालवली.

त्या ओळी तिथे आल्या त्या रंग उरला म्हणून. मागच्या हेडमास्तरांनी भिंत रंगवून घेतली तेव्हा डब्याच्या तळाशी निळा रंग राहिला होता. टाकून द्यायचा तर जिवावर आलं. एवढ्यात समोरून म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन चालला होता, रोजच्यासारखा ओरडत. तो ओरडत होता ते हेडमास्तरांनी भिंतीवर उतरवून घेतलं, आणि रंग संपला तिथे कविता संपली.

*चला गं बायांनो, उन्हं कलली,*
*दोन धोंड्यांमधनं वाट चालली;*
*तळ्यात आभाळ वाकून बघतं,*
*प्या गं पोटभर, तहान लागली.*

पुढे म्हातारा मेला. मेंढरं आणि ओरडणं दोन्ही मुलाकडे आलं. मुलाने मेंढरं ठेवून घेतली आणि ओरडणं बायकोवर सोपवलं. हा मुलगा म्हणजे माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. लहानपणापासून तो गुमान बसायचा, गुमान उठायचा, म्हणून त्याचं नाव गुमानच पडलं. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बोलायच्या. त्यांचा आवाज डोंगरावरून निघाला की गावातली कुत्री आधी उठून बसायची.

डोंगरावर चरायचं आणि खाली तळ्यावर प्यायचं, हा मेंढरांचा दिवस. डोंगराच्या पायथ्याला दोन मोठे धोंडे आहेत, पुरुषभर उंच, मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट. त्या फटीतून उतरलं की समोर तळं. धोंड्यांच्या आतल्या बाजूंना मेंढरांची अंगं घासून घासून असा तुळतुळीत काळा चकाकता पट्टा पडला होता, की हात लावला तर लोकरीचा ओशटपणा बोटांना लागे.

तळ्याकाठची ती जमीन वर्षानुवर्षं पडीक होती. मग ती एका भल्या गृहस्थाने घेतली आणि फळबाग लावली. तेव्हापासून त्यांना सगळे बागवाले म्हणू लागले. झाडांना बाळसं आलं तसा बागवाल्यांना कुंपणाचा ध्यास लागला. उन्हाळा ऐन भरात होता. जमिनीला पाय पडेल अशा भेगा गेल्या होत्या, वारा सुटला की तोंडात माती यायची. अशा एका सकाळी वहिनी मेंढरं घेऊन उतरल्या, तर फटीत आडव्या तारा.

"हे काय चाललंय?"

"तार ठोकतोय, वहिनी," बागवाले म्हणाले. अगदी मऊ आवाज. माणूस कधी कुणावर ओरडला नाही. ओरडायची वेळच त्यांच्यावर येत नसे.

"ते दिसतंय मला. मेंढरं कुठून जाणार?"

"डोंगराला वळसा घालून. वाट चांगली आहे. मी स्वतः बघून आलो."

"गाडीतून बघितली असेल."

"तुमच्या मेंढरांनी माझ्या रोपांचे शेंडे खाल्ले, वहिनी."

"कोवळं दिसलं की तोंड लागतंच. सगळ्यांचंच लागतं. तुम्ही नाही का तळ्याकाठची जमीन बघून आलात?"

"पण इथून वाट होती याला पुरावा काय?"

वहिनींनी धोंड्याच्या काळ्या पट्ट्यावर थाप मारली. "हा काय! माझ्या आजेसासऱ्याच्या मेंढरांपासूनचं तेल आहे हे."

"दगड गुळगुळीत असतातच," बागवाले म्हणाले. "निसर्ग आहे."

वळशाची वाट म्हणजे नुसता धारदार खडक. धट्टीकट्टी मेंढी जाते, पण तो गाभण्या मेंढ्यांचा महिना होता. पोटात ओझं घेऊन त्या अर्ध्या वाटेत बसायच्या, आणि बसलेली मेंढी उठवणं म्हणजे रुसलेला व्याही उठवणं. कळपात एक लंगडी म्हातारी मेंढी होती. सगळा कळप तिच्या मागे चालायचा. तिच्या पोटात जुळं होतं. तिला तो वळसा झेपणार नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

वहिनींनी गावसभा बोलवायला लावली. सभा शाळेच्या ओसरीवर भरली. आमचे अध्यक्ष खुर्चीत बसले. शिंक आणि निर्णय या दोन गोष्टी आल्या तरी दाबून ठेवायच्या, या जोरावर ते इतकी वर्षं निवडून येत होते.

"पुरावा पाहिजे," ते म्हणाले. "तोंडी नको. तोंडी काय, मी पण बोलीन."

"अध्यक्ष, जरा मान वर करा," मागून लोहार ओरडला. "पुरावा तुमच्या डोक्यावर लिहिलाय."

सगळ्यांनी वर बघितलं. दोन धोंड्यांमधनं वाट चालली! निळ्या रंगात, बागेच्या कितीतरी आधीची. ओसरीवर असा गलका उठला की काही विचारू नका. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मेलेला सासरा सुनेच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहतो, असं रोज घडत नाही.

अध्यक्ष घाबरले. निर्णय अगदी घशापर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला.

"पण ही कविता आहे," ते म्हणाले. "कवितेचा अर्थ मी कसा लावणार? उद्या कुणी म्हणेल चुकीचा लावला. अर्थ लावायला त्यातला माणूस पाहिजे."

"ह्यात अर्थ कसला लावायचा?" लोहार म्हणाला. "सरळ तर लिहिलंय."

"सरळ लिहिलेलं असतं तर कविता कशाला म्हटलं असतं?" अध्यक्षांनी विचारलं.

बागवाले उठून म्हणाले, "जो अर्थ निघेल तो मला मान्य." वहिनीही म्हणाल्या, मान्य. आताच्या हेडमास्तरांनी शहरातल्या एका मोठ्या प्राध्यापकांना बोलवायचं कबूल केलं. पुष्कळांना वाटतं की बागवाल्यांनी पुढे प्राध्यापकांना काही चारलं असेल. तसं काही झालं नाही. लाच दिली असती तर निदान गावाला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

प्राध्यापक यायला पंधरवडा गेला. तोवर वळसा चालू होता. एका मेंढीने वाटेतच पिल्लू टाकलं, ते उन्हात गेलं. वहिनींनी ते पोटाशी धरून घरापर्यंत आणलं. काय म्हणून आणलं कुणास ठाऊक. लंगडीला गुमान खांद्यावर टाकून तळ्यापर्यंत न्यायचा. गाभणी मेंढी खांद्यावर घेऊन खडकातून चालणारा माणूस लांबून कसा दिसतो, त्यावरही कुणी चार ओळी लिहिल्या असत्या. सुदैवाने रंग संपलेला होता.

प्राध्यापक पांढऱ्या गाडीतून आले. माणूस भला होता, हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. भिंतीसमोर ते चष्मा काढून कितीतरी वेळ उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. आम्ही रोज त्या भिंतीला सायकली टेकवत होतो. आम्हाला ओशाळल्यासारखं झालं.

"धोंडे बघायला चलता का, सर?" वहिनींनी विचारलं. "जवळच आहेत."

"नको, नको," सर म्हणाले. "बघितलं की अर्थ लहान होतो."

मग ते बोलायला उभे राहिले.

"मला सांगा, या कवितेतल्या बाया कोण?"

"मेंढ्या," लोहार म्हणाला.

पोरगं चालताना पडलं की बाप जसा हसतो तसे सर हसले. "मेंढ्या दिसतात खऱ्या. पण बाया म्हणजे आपल्या मनातल्या इच्छा. रानभर भटकणाऱ्या. त्यांना कवी म्हणतो, चला आता, उन्हं कलली. कुणाची उन्हं?"

"दुपारची," लोहार पुटपुटला, पण शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"आयुष्याची! आणि दोन धोंडे? एक जन्म, एक मृत्यू. त्या दोहोंमधून चाललेली ही वाट म्हणजे तुमचं-आमचं जगणं."

ओसरीवर कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. बायकांमध्ये एकजण मुसमुसायला लागली. एवढी मोठी गोष्ट आपल्या डोंगराच्या पायथ्याला इतकी वर्षं पडून होती आणि आपण तिला नुसते धोंडे म्हणत होतो.

"आणि शेवट बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापायला लागला. "आधी म्हणतो, प्या पोटभर. आणि मग म्हणतो, तहान लागली. पिऊन झाल्यावर तहान! आहे का ही पाण्याची तहान? सांगा मला, पाण्याची तहान अशी असते?"

"नसते!" अख्खी ओसरी म्हणाली. उन्हाळ्याचे दिवस होते, प्रत्येकाच्या घशाला कोरड होती, तरी सगळे म्हणाले, नसते.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, "सर, मग तिथे वाट होती की नव्हती, तेवढं..."

"वाट आहेच!" सर म्हणाले. "ती आपल्या आत आहे."

"तारेच्या आत की बाहेर, ते विचारून घ्या," लोहार म्हणाला. आता त्याला तिघांनी कोपर मारलं.

वहिनी उठल्या. "सर, मी अडाणी. पण माझे सासरे रोज मेंढरं त्या धोंड्यांमधून पाण्यावर न्यायचे. नेताना हे ओरडायचे. ह्यात दुसरं काही नव्हतं हो."

सरांना खरोखर वाईट वाटलं. "बाई, असं म्हणू नका. दुसरं काही नसेल तर ही कविताच उरत नाही. मग हा नुसता हाकारा झाला, कुणीही मारतो तसा. मग तुमचे सासरे कवी नाहीत." ते गुमानकडे वळले. "आपण त्यांचे चिरंजीव ना? आपणच सांगा. आपले वडील कवी होते, की ते नुसती मेंढरं हाकत होते?"

गुमानला त्या दिवशी खुर्ची दिली होती. एरवी सभेत तो दाराशी बसायचा. मेंढरांचा वास येतो म्हणून लोक म्हणायचे, "बाबा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस." त्याच्या बापालाही तेच म्हणायचे. आता सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून बसलं होतं आणि कुणाच्या नाकाला फडकं नव्हतं. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. वाट त्याच्या तोंडात होती. 'हाकत होते' एवढं म्हटलं की तार निघणार होती.

गुमान उभा राहिला. घसा साफ केला.

"कवी होते," तो म्हणाला.

टाळ्यांनी कौलांवरची कबुतरं उडाली. सगळ्यात जोरात बागवाल्यांनी वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. लोहारानेही वाजवल्या. मागाहून म्हणाला, "मेंढरामागे मेंढरू. माझे हात आपोआप उठले."

संध्याकाळी भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी आमची भिंत काही तेवढी जाड नाही.

"वर्षात कधी तोंड उघडत नाही, आणि उघडलंत ते हे बोलायला?"

मग गुमानचा आवाज. मला आधी वाटलं पाहुणा आला असेल, इतका तो अनोळखी.

"माझ्या बापाला आजवर कुणी अहो म्हटलं नव्हतं. पोचवायला आले तेही चार पावलं लांबून चालले. आज सगळे म्हणत होते, त्यांनी लिहिलं, त्यांना सुचलं. मी तिथं उठून काय सांगू? नाही हो, तो नुसता मेंढरं हाकायचा?"

"मी नाही म्हटलं कधी अहो? जन्मभर मामंजी मामंजी केलं मी."

"तू घरातली."

"बरोबर. घरातल्यांचं कुठं धरतात." भांडं आपटल्याचा आवाज आला. "ती लंगडी व्यायला टेकलीय आता. उद्या वळसा घालताना तिला काय सांगू? वाट आत आहे, म्हणू?"



लंगडी दोन दिवसांनी वळशावरच व्याली. एक पिल्लू मेलेलं निघालं, एक जगलं, पण लंगडीच्या आचळात दूध उतरलं नाही. वहिनी ते पिल्लू घरोघर नेऊन कुणाची शेळी दूध देते का बघत फिरल्या. लोकांनी दूध दिलं. देताना प्रत्येकाने सांगितलं, "मोठ्या कवीच्या घरचं पिल्लू आहे, तेवढं तर केलंच पाहिजे."

मग गावाने ठरवलं की एवढ्या मोठ्या कवितेचं स्मारक झालं पाहिजे. बागवाल्यांनी सगळा खर्च उचलला. तारा काढून तिथे लोखंडी फाटक बसवलं, चांगलं उंच, कुलपाचं. धोंडे खालपासून वरपर्यंत चुन्याने रंगवले, पांढरेशुभ्र, आणि एकावर जन्म, दुसऱ्यावर मृत्यू असं निळ्या रंगात लिहिलं. मेंढरांच्या पिढ्यांचा तो काळा पट्टा एका दुपारीत दोन हात चुन्याखाली गेला. कुंपण शेत खातं हे आम्ही ऐकून होतो. कुंपणाला कविता पचते, हे नवीन कळलं. शाळेत परीक्षेला प्रश्न आला, 'दोन धोंडे म्हणजे काय?' गुमानच्या नातीने लिहिलं, 'दगड'. तिला शून्य मिळालं.

उद्घाटनाला पुन्हा प्राध्यापक आले. फाटकासमोर मांडव, खुर्च्या, कर्णा. गुमानला व्यासपीठावर बसवलं होतं, अध्यक्षांचा सदरा घालून. सदरा त्याला काखेत काचत होता, म्हणून तो दोन्ही हात अंगापासून लांब धरून बसला होता, उडायच्या बेतात असलेल्या कोंबडीसारखा. सरांच्या गाडीवर वाटेत फार धूळ बसली, म्हणून बागवाल्यांनी आधीच फाटक उघडून ड्रायव्हरला तळ्यातलं पाणी घेऊ दिलं होतं, आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली खिशात घातली होती. मांडवाच्या कडेला ड्रायव्हर बादली आणि फडकं घेऊन गाडी चमकवत होता.

भाषणं झाली. सर म्हणाले, "आता एकच इच्छा. कवीच्या चिरंजिवांनी ती कविता त्यांच्या वडिलांच्या पद्धतीने म्हणून दाखवावी."

गुमान कर्ण्यासमोर गेला. सगळ्यांना वाटलं, तो गुमान परत येईल. त्याने एक हात कानाला लावला, मान वर केली आणि बापाच्या आवाजात हाक घातली.

"चला गं बाऽऽयांनो, उन्हं कलली..."

असा आवाज गावाने म्हातारा गेल्यापासून ऐकला नव्हता. म्हातारे लोक टोपी काढून उभे राहिले. आणि त्याच वेळी वहिनी वळशाच्या वाटेने मेंढरं घेऊन मांडवामागच्या रस्त्याला लागल्या होत्या.

लंगडीने कान टवकारले. मग ती धावली. लंगडी धावते कशी हे विचारू नका, पण धावली, आणि तिच्यामागे कळप. मांडवातून, खुर्च्यांमधून, पाहुण्यांच्या पायांखालून सगळी मेंढरं निघाली ती नेमकी दोन धोंड्यांच्या मध्ये, जन्म आणि मृत्यू यांच्या मधोमध फाटकावर जाऊन आदळली. मागची पुढचीवर चढायला लागली. गजांपलीकडे तळं लखलखत होतं. धोंड्यांवरचा चुना त्यांच्या लोकरीला लागत होता आणि मेंढरं ओरडत होती.

मग सर उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बघा," ते म्हणाले, "शब्दांची ताकद बघा!"

टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा जास्त.

"किल्ली," गुमान म्हणाला. कर्ण्यातूनच म्हणाला, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं असणार. पण टाळ्या चालू होत्या. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "कार्यक्रम पार पडू दे. नंतर बघू." बागवाले टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात गुंतलेले होते, खिशात घालायला हात मोकळा नव्हता. गुमान तिथेच उभा राहिला, हात अंगापासून लांब धरून.

वहिनी ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्या मांडवात आल्या, फाटकाशी गेल्या, मेंढरांच्या ढिगातून लंगडीला ओढून काढलं. लंगडीची जीभ बाहेर आली होती. तिला काखेत धरून त्या जन्माला, मृत्यूला आणि सगळ्या खुर्च्यांना वळसा घालून गाडीकडे गेल्या. ड्रायव्हर फडकं पिळत होता. बादलीत थोडं गढूळ पाणी उरलं होतं आणि तो ते ओतून द्यायला वाकला होता.

"दादा," वहिनी म्हणाल्या, "ते टाकू नका. जरा इकडे सरकवा."